‘रिमोटवालं अपडेट येऊ देऊ नका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री धाकट्या भावानं एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला. आयटीवाले दुरून तुमच्या कॉम्प्युटरला जोडून मदत करतात ते सॉफ्टवेअर अपडेट होऊ देऊ नका, असा त्याचा सूर. खाली एकच ओळ होती, "ताई, हे खरं आहे का?" मी वाचून होईपर्यंत त्याचा दुसरा मेसेज आला: "मी ऑफिसच्या लॅपटॉपवर त्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस बंद करून टाकलीय." म्हणजे मागे सतत चालणारा त्याचा भाग. तो अकाउंट्समध्ये काम करतो. कंपनीच्या बँक खात्याचं लॉगिन, पगारपत्रकं, पुरवठादारांची बिलं, सगळं त्याच लॅपटॉपवर. (त्याच्याकडे सर्व्हिस बंद करण्याइतके अधिकार होते हीसुद्धा चूकच आहे, पण तो वेगळा विषय.)

मी आयटी सपोर्टमध्ये आहे. कंपनीतल्या कॉम्प्युटरांवर असली अपडेट पोचवणं हेच माझं काम. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट यांसारखं रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अपडेट होऊ देऊ नका. अपडेटनंतर आयटीवाले तुमची स्क्रीन दिवसभर बघतात. जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं चाललेली असते, म्हणून तीच सुरक्षित. क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनं काय झालं ते आठवा. अपडेट सुरू झालेलं दिसलं तर पॉवर बटण दाबून मशीन बंद करा. कॉम्प्युटर हळू होतो तो या अपडेटांमुळेच. आणि मदत लागलीच तर आयटीची वाट न बघता पोर्टेबल फाइल स्वतः शोधून डाउनलोड करा, तिला ॲडमिन पासवर्डही लागत नाही.

शेवटचा सल्ला आधी घेते, कारण खरं नुकसान त्यात आहे. हे कुणी लिहिलं मला माहीत नाही, पण चोराला हवं तेच त्यानं लोकांच्या तोंडी घातलंय.

पोर्टेबल फाइल म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी फाइल. डबल क्लिक केलं की ती तुमच्याच अधिकारांवर सुरू होते. त्यामुळे ‘ॲडमिन पासवर्डशिवाय काही इन्स्टॉल होऊ द्यायचं नाही’ हे आम्ही घातलेलं बंधन तिला आडवं येत नाही. मेसेजमध्ये सोय म्हणून सांगितलेली हीच गोष्ट फसवणाऱ्यांनी आधीच हेरून ठेवलेली आहे. अमेरिकेतल्या सीआयएसए, एनएसए आणि एमएस-आयसॅक या सायबर सुरक्षा बघणाऱ्या तीन संस्थांनी २५ जानेवारी २०२३ रोजी मिळून एक इशारा काढला होता. भावाला मी तोच उघडून वाचायला लावला. किमान जून २०२२ पासून तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना हेल्पडेस्कच्या नावानं ईमेल जात होते. कुणी त्यातली लिंक उघडली किंवा दिलेल्या नंबरवर फोन केला की त्याच्याकडून स्क्रीनकनेक्ट किंवा एनीडेस्कची पोर्टेबल फाइल उतरवून घेतली जायची. सॉफ्टवेअर अस्सल, फक्त ते जोडलं जायचं चोरांच्या सर्व्हरला. आणि अस्सल असल्यामुळेच अँटीव्हायरस ओरडेलच असं नाही.

पुढचा भाग मी भावाला दोनदा वाचायला सांगितला. जोडणी झाली की ते माणसाला त्याच्या बँक खात्यात लॉगिन करायला लावायचे. मग त्याच्या स्क्रीनवर दिसणारा खात्याचा गोषवारा बदलायचे. चुकून जास्तीचा परतावा जमा झालाय असं भासवायचे, आणि ‘जास्तीचे पैसे परत करा’ म्हणायचे. खात्यात जमा काहीच झालेलं नसतं. परत केलेले पैसे मात्र खरे असतात. माझा भाऊ रोज बँकेचं पान उघडून बसतो. त्याला कुणीतरी ‘आयटीला विचारू नकोस, शोध आणि उतरवून घे’ असं सांगतंय, आणि लोक ते ‘जनहितार्थ’ म्हणून पुढे पाठवताहेत. याचा मला संताप येतो.

स्वतः शोधून काहीही उतरवू नका. आयटीचा म्हणून फोन आला तर तो ठेवा, ऑफिसच्या यादीतला नंबर स्वतः लावा आणि विचारा. खऱ्या आयटीवाल्याला याचा राग येत नाही. मला तर बरं वाटतं.

आता ‘जुनं तेच सुरक्षित’. फेब्रुवारी २०२४ चंच उदाहरण घ्या. स्क्रीनकनेक्ट बनवणाऱ्या कनेक्टवाइजनं १९ तारखेला जाहीर केलं की २३.९.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेचं भगदाड आहे. सीव्हीई-२०२४-१७०९ हा त्याचा क्रमांक, आणि गांभीर्य १० पैकी १०. सर्व्हरच्या पत्त्यात सेटअपच्या पानापुढे एक तिरकी रेघ जास्तीची टाकली की आधीच बसवलेल्या सर्व्हरवर सेटअप पुन्हा उघडायचं, आणि बाहेरचा माणूस स्वतःला ॲडमिन करून घ्यायचा. म्हणजे त्या सर्व्हरला जोडलेला प्रत्येक कॉम्प्युटर त्याच्या हातात. इलाज २३.९.८ मध्ये होता. तीनच दिवसांत, २२ तारखेला, सीआयएसएनं हे भगदाड चोर प्रत्यक्ष वापरत असलेल्या भगदाडांच्या यादीत टाकलं. हा दोष सर्व्हरमधला होता, तुमच्या लॅपटॉपवरच्या एजंटमधला, म्हणजे त्या सर्व्हरला जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधला नाही, हे मान्य. पण ‘वर्षानुवर्षं चाललंय’ याला सुरक्षित म्हणत नाहीत, एवढं तरी त्यावरून कळावं. त्याच महिन्याच्या २ तारखेला एनीडेस्कनं आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं सांगितलं होतं. फाइल अस्सल असल्याची खूण पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं रद्द करावी लागली आणि सगळ्यांना नव्या आवृत्तीवर जायला सांगितलं गेलं. तेव्हा या मेसेजवर विश्वास ठेवणारा माणूस जुन्याच फाइलवर बसून राहिला असता.

पॉवर बटणाचा सल्ला वाचून तर मी फोन खाली ठेवला. अपडेट म्हणजे काय होतं ते सांगते. आधी जुनी सर्व्हिस थांबते, मग फाइली बदलल्या जातात, मग नवी सर्व्हिस नोंदवली जाते आणि सुरू होते. सगळं सुरळीत गेलं तर काही मिनिटांचं काम. तुम्ही मधेच बटण दाबलंत तर कधी इन्स्टॉलर सगळं पूर्ववत करतो. कधी मात्र जुनी सर्व्हिस गेलेली आणि नवी आलेली नाही, अशा अवस्थेत मशीन उरतं. आमच्या यादीत ते ऑफलाइन दिसतं आणि दुरून काहीच करता येत नाही, कारण दुरून करायचं साधनच तुम्ही मारलेलं असतं. मग कुणीतरी जागेवर जायचं, हातानं सगळं साफ करायचं, पुन्हा बसवायचं. माणूस दुसऱ्या गावी घरून काम करत असेल तर लॅपटॉप कुरियरनं मागवावा लागतो. मागच्या वेळी माझ्या लॉगमध्ये तीन मशीनांपुढे १६०३ दिसत होता, म्हणजे इन्स्टॉल फसलं. त्यातल्या एकाच्या मालकिणीनं सांगितलं, "खिडकी उघडझाप झाली म्हणून मी बंद केलं." तिची चूक नव्हती. आम्ही आधी कळवायला हवं होतं.

आपल्याच साधनावरून त्याच साधनाचं अपडेट ढकलणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. जोडणी तुटते आणि पुढे काय झालं ते कळत नाही. म्हणून आम्ही ते ग्रुप पॉलिसी किंवा इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या साधनांसारख्या वेगळ्या वाटेनं पाठवतो. लॉगमध्ये शून्य आला की झालं, ३०१० आला की रीस्टार्ट बाकी, १६१८ आला की दुसरं काही इन्स्टॉल चालू आहे, थांबा. रीस्टार्टची सूचना आली तर हातातलं काम सेव्ह करून द्या. तुमच्याकडून अपेक्षा तेवढीच.

क्राउडस्ट्राइकचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो मला नाइलाजानं मान्य करावा लागतो. १९ जुलै २०२४ ला मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन पडली. ते रिमोट सपोर्टचं नव्हे, सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं, पण सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली हे खरं. याहून बोचरं उदाहरण मेसेजवाल्याला ठाऊक नसावं: २ जुलै २०२१ ला कसेया कंपनीच्या व्हीएसए या, कॉम्प्युटर दुरून सांभाळण्याच्या साधनातूनच खंडणीचं सॉफ्टवेअर (रॅन्समवेअर) ‘एजंट हॉट-फिक्स’ अशा नावानं कॉम्प्युटरांवर उतरलं. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे फटका बसलेले तिचे थेट ग्राहक साठाहून कमी होते, पण त्यांच्यामार्फत दीड हजारापर्यंत व्यवसाय सापडले. तेव्हा अपडेटची भीती निराधार नाही. पण कसेयाच्या वेळी चोर आत आले ते सर्व्हरमधल्या भगदाडांतून, आणि ती भगदाडं बुजली ती अपडेटनंच. खबरदारी घ्यायची ती पाठवण्याच्या पद्धतीत. मी आधी आमच्याच दहा मशीनांवर टाकते, दोन दिवस बघते. मग प्रत्येक विभागातल्या एक-दोघांना देते, मग उरलेल्यांना. महिनाअखेरीला अकाउंट्सला हात लावत नाही. तुमची आयटी सगळ्यांना एकदम ढकलत असेल तर तिला जाब विचारा, अगदी जरूर विचारा.

कॉम्प्युटर हळू होण्याचं खापर अपडेटवर फोडायचं काही कारण नाही. आधी उघड्या ब्राउझर टॅब मोजा.

राहिला स्क्रीन बघण्याचा मुद्दा. परवानगी न विचारता जोडता येण्याची सोय या सॉफ्टवेअरांमध्ये असते, आणि कित्येक कंपन्यांनी ती चालू ठेवलेली असते. कर्मचाऱ्यांना ते सांगितलेलं नसतं, आणि हे चुकीचं आहे. पण ते ठरतं सेटिंगवरून. ती सोय अपडेटच्या आधीही असते आणि नंतरही. अपडेट अडवून तुमची स्क्रीन झाकली जात नाही. कोण कधी जोडलं गेलं याची नोंद सहसा ठेवली जाते, ती मागता येते.

रात्री साडेअकराला भावानं सर्व्हिस पुन्हा चालू केली आणि आवृत्तीचा फोटो पाठवला. दोन अपडेट मागे होता. सकाळी त्यानं त्याच्या आयटीला मेल केला. त्यात आधी आपण काय केलं होतं ते सांगितलं आणि मग दोन प्रश्न विचारले: आमच्या मशीनवर परवानगीशिवाय जोडणी चालू आहे का, आणि पुढचं अपडेट कधी येणार ते आम्हाला आदल्या दिवशी कळेल का? पहिल्याला उत्तर आलं, "हो, चालू आहे." दुसऱ्याचं अजून यायचंय.