रंग बदलणारा रस्सा

पाहुणे जेवायला येणार असले की जे बिघडायचं ते नेमकं तेव्हाच बिघडतं, एरवी तोच रस्सा मी अर्ध्या झोपेतसुद्धा करतो आणि कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यात हे पाहुणे म्हणजे बायकोची मावशी, काका आणि त्यांची नात. मावशींच्या हाताला चव आहे हे मी लग्न ठरल्यापासून ऐकत आलोय, त्यामुळे मीही बायकोला तोऱ्यात सांगून बसलो, की आज तू किचनमध्ये पाऊल टाकायचं नाहीस, बाहेर बसून गप्पा मार, मी बघतो सगळं. हे वाक्य आता मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं.

तर बटाट्याचा पिवळा रस्सा. फोडणी, कांदा, एखादा टोमॅटो, हळद, बटाटे, पाणी, बास. तिखट नाही, कारण पोरगी लहान. पण गप्पांकडे कान आणि हातात पाण्याचं भांडं असं झाल्यामुळे पाणी एवढं पडलं की बटाटे तळाला आणि वर नुसतं तळं. आता पातळ रश्श्यावरचा उपाय मला माहीत होता, थोडं कॉर्नफ्लोर गार पाण्यात कालवून ओतायचं, एक उकळी आली की दाट. माहीत नव्हतं ते एवढंच की कॉर्नफ्लोर कुठल्या बरणीत आहे. कारण मध्यंतरी आमच्याकडे सगळ्या बरण्या एकसारख्या आल्या, काचेच्या, सारख्या झाकणांच्या, ओळीने लावल्या की फार छान दिसतात म्हणून. दिसतात छानच, नाही कोण म्हणतंय. पण मैदा, कॉर्नफ्लोर, पिठीसाखर आणि खायचा सोडा हे चौघं शेजारी शेजारी पांढरेशुभ्र चेहरे करून उभे, आणि लेबलं "लावू की निवांत" म्हणून राहिली ती राहिलीच. हाक मारून विचारावं तर बाहेर मावशी ऐकणार. म्हणून अंदाजाने एक बरणी उचलली आणि चांगले भरघोस दोन मोठे चमचे वाटीत टाकले.

खरं तर वाटीतच कळायला हवं होतं. कॉर्नफ्लोर बोटांत चोळलं की कचकच करतं आणि पाण्यात दुधासारखं होतं, हे आपलं अर्धंमुर्धं विरघळलं आणि खाली रवाळ गाळ बसला. पण बाहेरून "झालं का रे?" आलं आणि मी ते ओतलं.

रस्सा उठला! म्हणजे अक्षरशः उठला, फस्स करत पातेल्याच्या काठावर आला, काठावरून गॅसवर, गॅस विझला. सोडा तापला किंवा त्याला आंबट भेटलं की कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि माझ्या रश्श्यात उकळीही होती, टोमॅटोही होता, दोन्हीकडून सोय. फेस बसला तेव्हा खाली जे दिसलं ते बघून मी झाकण परत ठेवून दिलं. पिवळाधमक रस्सा विटकरी लाल झाला होता. हळदीचं असं असतं, आंबटात पिवळी राहते आणि सोड्यासारखं काही लागलं की लाल होते. आणि गंमत म्हणजे रस्सा दाट झाला होता! सोड्याने बटाटे पार गळून त्यात मिसळले. म्हणजे मूळ काम झालं, फक्त चव साबणाची आली, खारट साबणाची.

लिंबू पिळून मारावं असं मनात आलं, पण घरात लिंबं दोन, त्यातल्या एकाच्या फोडी ताटांत वाढून झालेल्या. (नंतर हिशोब केला, दोन मोठे चमचे सोडा पुरता मारायला 400 मिलीच्या आसपास लिंबाचा रस लागला असता, म्हणजे डझन-दीड डझन लिंबं, आणि एवढं करून मागे उरतो तो खारट क्षारच.) शेवटी मनाशी म्हटलं, लोक भिडेखातर काय काय खातात. वाढू.

"अगंबाई, रंग काय सुरेख आलाय!" मावशी म्हणाल्या. "तिखट कुठलं वापरता हो तुम्ही?"

"घरचंच," मी म्हटलं.

काकांनी पहिला घास घेतला, पंख्याकडे बघितलं, गिळला, आणि म्हणाले, "वेगळं आहे." मग पाणी प्यायले. "छान आहे. वेगळं आहे." बायकोने एक घास खाऊन माझ्याकडे असं बघितलं की मी भाताचं भांडं उगाच हलवून पाहिलं. मावशी मात्र खरंच खात होत्या. अशा माणसांची मला भीती वाटते, ही माणसं मागून घेतात.

"साबणासारखं लागतंय," पोरगी म्हणाली.

"असं बोलू नये बाळा," मावशींनी तिला दटावलं, "लिंबू पिळून घे, छान लागेल."

पिळलं तिने. वाटीत फस्स झालं, फेस आला, आणि लाल रश्श्याच्या बरोब्बर मधोमध रुपयाएवढा पिवळा ठिपका उमटला. सगळ्यांचे हात थांबले. पोरीने आणखी दोन थेंब टाकले, ठिपका पसरला.

"आजी, यात सोडा आहे!" ती खुर्चीवर उभीच राहिली. "आम्हाला सायन्सला होतं हे! हळदीचा कागद, साबण लावला की लाल!"

मावशींनी आपल्या वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अतिशय शांतपणे विचारलं, "घरचंच ना तिखट?"

मग बायको जी हसत सुटली ती उठून आत गेली तरी ऐकू येत होतं. काकांनी न बोलता फोड उचलली आणि आपल्या वाटीत एकेक थेंब टाकायला लागले, मान वाकडी करून, मन लावून. मावशी म्हणाल्या अहो पुरे, आणि मग स्वतःच पिळलं. जेवणं झाली ती भात, काकडी आणि लोणच्यावर. नंतर मी चहाला उठलो तर तिघांनीही एकदम "नको, तुम्ही बसा" केलं.

निघताना पोरगी माझ्याजवळ आली. "काका, रस्सा उरलाय?"

मला एवढं भरून आलं म्हणून सांगू. म्हटलं, "आहे की! आवडला ना? डब्यात देऊ?"

"डब्यात नको, बाटलीत द्या. वर्गात दाखवायचाय."

दिला. मोठी बाटली दिली. उरलेलं लिंबूही दिलं.