चार पंप आणि चार उपग्रह

माझ्याकडे सायकल एक आहे आणि पंप चार. मी हे कुणाला सांगत नाही. बायको सांगते, आणि पाहुण्यांना आतल्या खोलीत नेऊन रांगेने दाखवतेही.

चार कशाला, असं कुणी विचारलं की मला वॉल्व्हपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथेच विचारणारा घड्याळ बघायला लागतो. पण त्याला इलाज नाही. ट्यूबच्या वॉल्व्हच्या जाती मुख्यतः तीन. एक जुन्या सायकलींचा, ज्याच्या पोटात इवलीशी रबरी नळी असते. दुसरा मोटारीच्या चाकासारखा जाडजूड श्रेडर. तिसरा माझ्या नशिबी आलेला प्रेस्टा: काडीसारखा बारीक, डोक्यावर डाळीएवढा नट. हा नट आधी सैल करायचा, पिन बोटाने दाबून एकदा 'फिस्स' करून घ्यायची, मग पंप लावायचा. नट विसरलात तर दोन दट्ट्यांत पंपाचा काटा शंभरीला जातो आणि टायर होता तसाच लोळत राहतो, कारण काट्याला कळतो तो नळीतला दाब. ट्यूबची त्याला खबरच नसते. मी एकदा अशीच शंभर पीएसआय हवा भरून, हात झटकून, थेट रिमवर बसलो होतो.

पहिला पंप वडिलांचा. लोखंडी, पायाने दाबून धरायचा. वडिलांनी उभ्या आयुष्यात दाब मोजला नाही. अंगठ्याने टायर दाबायचा, "हं" म्हणायचं आणि निघायचं. तो पंप माझ्याकडे आला तेव्हा त्याचा दांडा इतका अलगद खाली जायचा की मला माझ्या दंडांचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, आतला चामड्याचा वायसर वाळून आक्रसलाय आणि हवा त्याच्या कडेने वर निसटतेय. वायसर काढला, रात्रभर तेलात भिजवला, सकाळी त्याची कड बोटाने फुलवून वाटीसारखी केली आणि परत बसवला. पहिल्याच दट्ट्याला पंपाने असा काही जोर लावला की मीच वर उचलला गेलो.

या यशाने माणूस बिघडतो. दुसरा पंप नवा, उंच, काटावाला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तरी मी तो उघडला आणि घरात सापडलेलं ग्रीस आतल्या रबरी रिंगला चोपडलं. चामडं तेल मागतं, पण काही जातींचं रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं, हे नंतर वाचलं. रिंग फुगली, दांडा अर्ध्यावर रुतला आणि आठवडाभर तो पंप हात वर केलेल्या मुलासारखा कोपऱ्यात उभा होता.

रिंग बदलल्यावर मी रोज संध्याकाळी दाब बघायला लागलो. सोमवारी भरले ८०, मंगळवारी दिसले ७२, बुधवारी ६५. ट्यूब गळतेय! बाहेर काढून बादलीत बुडवली. एक बुडबुडा नाही. परत बसवली, परत तेच. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नळी लावता तेव्हा टायरातली हवा नळीत जात नाही का?" जाते. काढतानाही थोडी जाते. एवढ्याशा बारीक टायराला तेवढी पुरते. सरळ सांगायचं तर सगळी गळती माझी होती. चार दिवस बघितलंच नाही, तर टायर चार दिवस टणक राहिला.

आता उपग्रह. सायकलचा जीपीएस कॉम्प्युटर निवडायला मी तीन महिने घेतले, त्यातला दीड महिना बटणांचा घ्यावा की टचस्क्रीनचा यात गेला. घेतला टचस्क्रीनचा. पाऊस पडला की थेंब त्याच्यावर बोटं फिरवतात. एकदा तर त्यांनी माझी फेरी परस्पर संपवून, 'जतन करू नका'वर टिचकी मारली. पण यंत्र थोर आहे. सुमारे २०,२०० किलोमीटरवरचे किमान चार उपग्रह लागतात त्याला, मी कुठे आहे हे ठरवायला. तिथली घड्याळं इथल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, तेवढाही हिशेब आधीच चुकता केलेला असतो. आणि इथे मी "दहा मिनिटांत निघतो" म्हणून पाऊण तास नट शोधत असतो.

तर त्या दिवशी घरापासून अठरा किलोमीटरवर मागचं चाक बसलं. एका मोठ्या झाडाखाली सायकल उलटी केली, ट्यूब बदलली आणि तिसरा पंप काढला: वीतभर, फ्रेमला अडकवायचा, वजन नगण्य. हवाही तितकीच नगण्य भरतो. पहिले शंभर दट्टे हसतखेळत जातात. पुढच्या शंभरांत पंपाची नळकांडी गरम होते, कारण दाबलेली हवा तापते. मीही तापत होतो. तेवढ्यात कॉम्प्युटर टुणकन वाजला: 'थांबलात.' पुन्हा टुणकन: 'सुरू.' पुन्हा 'थांबलात.' फांद्यांआडून सिग्नल कसाबसा येत होता, त्यामुळे त्याच्या मते मी जागच्या जागी हिंडत होतो. घरी नकाशावर माझा ठिपका बघणाऱ्या बायकोचा फोन आला.

"तू झाडाला प्रदक्षिणा घालतोयस का?"

"हवा भरतोय."

"मग हलतोयस कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर चार उपग्रहांकडेही नव्हतं.

आभाळ भरून आलं होतं. उंची मोजायला यंत्रात हवेच्या दाबाचा मापक असतो. दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की त्याला वाटतं, गडी आठेक मीटर वर चढला. पावसाआधी दाब उतरायला लागला आणि मी उकिडवा बसल्या बसल्या १६ मीटर चढाई नोंदवली. दमही साधारण तेवढाच लागला होता, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

दोनशे चाळीस दट्टे झाले. टायर दाबला, "हं" म्हटलं. पंपाची नळी वॉल्व्हवर आट्यांची होती. ती हलक्या हाताने फिरवून काढली. नळी आली, आणि तिच्याबरोबर वॉल्व्हच्या आतला गाभाही आला. गाभा कधी पाना लावून आवळलाच नव्हता. पुढचे तीन सेकंद मी माझे दोनशे चाळीस दट्टे एकत्र जाताना ऐकले. टुणकन: 'थांबलात.'

मग चौथा. हा पंप नव्हेच, १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं काडतूस आणि अंगठ्याएवढी तोटी. गाभा बोटांनी जमेल तेवढा आवळला, काडतूस फिरवलं, क्षणात टायर दगड झाला आणि बोटं काडतुसाला चिकटतील इतकी गारठली. भिजत घरी पोचलो. सकाळी टायर पुन्हा सपाट. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर झिरपतो. काडतुसाची हवा उसनी असते, घरी आल्यावर सोडून साधी भरायची, एवढं एक वाक्य त्या तोटीवर छापायला कुणाचं काय गेलं असतं?

झाडाची प्रदक्षिणा टाळायची म्हणून मी चाकावर वेगाचा सेन्सर बसवला. हा उपग्रहांना विचारत नाही, चाकाचे फेरे मोजतो. फक्त चाकाचा घेर त्याला अचूक भरून द्यावा लागतो. टायर ८० ला फुगवला, फरशीवर खडूने खूण केली, सायकलवर बसून चाक नेमकं एक फेरा पुढे नेलं. मुलीने टेप धरली: २,१०५ मिलिमीटर. खूश होऊन तिने उलट्या सायकलीचं चाक हाताने गरगर फिरवलं आणि माझा आजवरचा सर्वोच्च वेग, ताशी ६१ किलोमीटर, बैठकीच्या खोलीत नोंदला गेला.

दोन आठवड्यांनी एक गोष्ट ध्यानात आली. हवा उतरली की टायर ओझ्याखाली दबतो, घेर घटतो, तेवढ्याच अंतराला चाकाचे फेरे जास्त होतात. घेर १० मिलिमीटरने घटला, तर ४० किलोमीटरच्या फेरीत जवळजवळ २०० मीटर फुकट मिळतात. वेगही त्या मानाने वाढतो.

आज सकाळी टायर अंगठ्याने दाबून बघितला. चांगलाच मऊ लागला. चारही पंप समोर उभे होते.

"हं," म्हटलं, आणि निघालो.