जबड्याखाली गाठ असताना खोगीर चढवू नका

"चारा खातोय, पाणी पितोय, मग बसायला काय हरकत आहे?"

घोड्याच्या गळ्याशी सूज दिसली की तबेल्यात हा प्रश्न हमखास येतो. रविवारची राईड ठरलेली असते, पैसे भरलेले असतात, आणि मालक, ट्रेनर, मोतद्दार एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असतात. माझं मत आधीच सांगते: गाठ जबड्याच्या दोन हाडांच्या मधे असेल तर त्या दिवशी बसायचं नाही. ताप असो वा नसो. डॉक्टरांनी बघेपर्यंत बसायचंच नाही.

आता जरा बारकाईने, कारण प्रत्येक सूज सारखी नसते. कानाच्या खाली, गालाच्या मागच्या कडेला आलेली मऊ सूज बऱ्याचदा लाळग्रंथीची असते. कोवळ्या गवतावर सोडलेल्या घोड्यांना ती येते. दोन्ही बाजूंना येते, ताप नसतो, भूक छान असते, आणि गवतावरून काढून तबेल्यात बांधलं की काही तासांत किंवा सकाळपर्यंत उतरते. अशा घोड्याला कोणी सैल लगामावर चालवून आणलं तर मी भांडायला जाणार नाही. मान दुमडून काम मात्र करून घेऊ नका, दुखतं त्याला.

हनुवटीच्या मागे, जबड्याच्या खोबणीत बोटं घातल्यावर लागणारी गरम, दुखरी गाठ ही वेगळी गोष्ट. तिथे पहिला संशय स्ट्रँगल्सचा घ्यायचा. स्ट्रेप्टोकोकस इक्वाय नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा आजार आहे आणि तरण्या घोड्यांना जास्त होतो. लसिका ग्रंथी सुजतात, त्यांत पू होतो, गळू पिकून फुटतं. बाहेर दिसणारी गाठ एक वेळ परवडली, पण घशाच्या मागच्या ग्रंथी सुजल्या तर त्या श्वासाच्या वाटेवरच दाब देतात. आणि घोडा तोंडाने श्वास घेत नाही! आपण धावताना दम लागला की तोंड उघडतो, त्याला ती सोय नाही. नाकातून जेवढी हवा जाईल तेवढीच. अशा घोड्याला कँटर, म्हणजे मध्यम वेगाची दौड, करायला लावणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. वर त्याच गळ्यावरून लगामाचा पट्टा आवळायचा!

थर्मामीटरबद्दल मी तबेल्यात सगळ्यांचं डोकं खाते, इथेही खाणार. घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं. स्ट्रँगल्समध्ये बहुतेक वेळा आधी ताप येतो, आणि नाकातून जंतू बाहेर पडायला त्यानंतर एक-दोन दिवसांनी सुरुवात होते. म्हणजे शेजारच्या घोड्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजला, तर पुढचा आजारी घोडा इतरांना देण्याआधीच बाजूला काढता येतो. इतकी सोपी सवड फार थोडे आजार देतात. तरी कित्येक तबेल्यांत खरारे सतरा सापडतील, थर्मामीटर एकही नाही. बादली सामाईक, पाण्याचा हौद सामाईक, मोहरकी याची काढून त्याला.

म्हणूनच "माझा घोडा आहे, मी बघून घेईन" हे मला पटत नाही. बसायचं की नाही हा निर्णय तुमच्या एका घोड्यापुरता राहत नाही. राईडला निघालात की वाटेत चार घोड्यांशी नाकाला नाक लागतं.

घरगुती उपचारांबद्दल थोडक्यात. गरम शेक द्या, चंदी भिजवून मऊ करून जमिनीलगत ठेवा म्हणजे नाक वाहून मोकळं होतं. गळू न पिकता फोडू नका. आणि मेडिकलमधून परस्पर इंजेक्शन आणून अर्धवट टोचू नका. अँटिबायोटिक कधी द्यायचं, द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. चुकीच्या वेळी दिलं तर गळू पिकायचंच लांबतं.

गळू फुटलं, घोडा खेळायला लागला, की लगेच खोगीर चढवू नका. काही घोडे वरून ठणठणीत दिसतात आणि महिनोन्‌महिने जंतू बाळगतात. घशाच्या वर घोड्याला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांत पू साचून राहतो. दुर्बीण घालून तपासल्याशिवाय ते कळत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा कुठूनही नवा घोडा आणला की निदान तीन आठवडे वेगळा बांधा म्हणतात, ते यासाठीही.

आता अवघड भाग. ग्रंथी सुजणं, नाकातून चिकट घट्ट स्राव आणि नाकाच्या आत व्रण, हा ग्लँडर्स नावाचा वेगळा आजारही असू शकतो. तो माणसालाही होतो. लस नाही. कायद्याने कळवणं बंधनकारक आहे आणि तपासणीत निश्चित झाला तर घोड्याला दयामरण द्यावं लागतं. २००६ मध्ये आपल्याकडे पुणे-पाचगणी भागात त्याची साथ येऊन गेली आहे, त्यामुळे ही लांबची गोष्ट नाही. घोडेवाला गाठ का लपवतो, याचं अर्ध उत्तर इथे आहे. उरलेलं अर्ध पोटाचं. माथेरानला दस्तुरीच्या पुढे खासगी गाडी जात नाही, सुट्ट्यांच्या हंगामात घोड्यावरच घर चालतं. त्याला "महिनाभर बसवू नकोस" असं सांगणं आपल्यासारख्या हौशी लोकांना फुकट पडतं.

म्हणून पर्यटकांनाही एक विनंती. घोड्याच्या नाकातून पिवळट पू येत असेल, गळ्याशी सूज असेल, तर बसू नका, पण घासाघीसही करू नका. दुसरा घोडा घ्या आणि पैसे पूर्ण द्या. आणि क्लबवाल्यांनो, आजारी घोड्याला वेगळं बांधायची जागा राखून ठेवा, त्या काळात लिव्हरीचं, म्हणजे घोडा तबेल्यात ठेवण्याचं, जादा भाडं लावू नका, बुक झालेल्या राईडचे पैसे निमूट परत करा. गाठ सांगणाऱ्यालाच भुर्दंड पडत असेल तर कोण सांगेल? आमच्या तबेल्याच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. तुमच्याकडे वेगळ्या बांधलेल्या घोड्याचा खर्च कोण उचलतं, ते खाली लिहा, मला तिथे सांगायला उपयोगी पडेल.