पाना आणि पाटा

जुन्या ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, शेगडी, १०० लिटरची पाण्याची टाकी आणि देवाचा कोनाडासुद्धा बसवून झाला. आता महेश्वरला जाऊन नर्मदेकाठी मुक्काम ठोकायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, चाक बसलं तर?"

"स्टेपनी आहे की."

"ती लावणार कशानं? लाटण्यानं?"

शनिवारी पोहे-जिलेबी उरकून इंदूरचा सियागंज बाजार गाठला. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "भिया, गाड़ी कौन सी?"

"कॅम्पर व्हॅन. म्हणजे ट्रॅव्हलरच, पण अंदर किचन है."

"पाने को किचन से क्या लेना?"

म्हणणं बिनतोड होतं. पण जॅकपाशी आल्यावर त्यानंच गाडीचं वजन विचारलं आणि मी अडलो. टाकीतलं पाणी १०० किलो, एवढं नक्की. लोखंडी तवा, खलबत्ता आणि 'असू दे, लागतं' या सदरातले डबे कुणी तोललेत? खरं तर एका वेळी एकच चाक उचलायचं असतं, अख्खा संसार नव्हे. तरी ५ टनांचा जॅक शेजारी ठेवला की २ टनांचा अगदीच केविलवाणा दिसतो. बायको साडीच्या दुकानात का अडकते, ते मला तिथं कळलं. ५ टनांचा बॉटल जॅक घेतला. वर क्रॉस पानाही घेतला.

शेजारी फिजिक्सचे निवृत्त सर राहतात. ते म्हणाले, "पान्याला पाइप घालून दांडा लांबवा. ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरवर उभा राहिला, की सुमारे ३४० न्यूटन-मीटर!" माझं वजन ८४ आहे. सरांनी सभ्यपणे ७० धरलं.

रविवारी पलसीकर कॉलनीत रंगीत तालीम. मागच्या चाकांना विटांची ओट लावली. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, हे मला ठाऊक होतं. पाइपावर उभा राहिलो, नट कुरकुरत सुटले. जॅक सरकवला, दांडा मारला, गाडी उचलली गेली. सरांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पण चाकात हवा आहे ना."

गाडी उतरवली, नट आवळले, हवा सोडली. गाडी एका अंगाला बसली, अ‍ॅक्सल खाली आला आणि जॅक आत जाईना! सियागंजात तासभर टनांची घासाघीस केली होती, जॅकच्या उंचीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आडवा घातला तर तो सुरेख आत जात होता. फक्त तसा उचलत नव्हता.

चाक वर चढवायला विटा लावल्या, त्यांचा चुरा झाला. फळी मधोमध मोडली. अखेर न्हाणीमागून आईचा पाटा काढला. काळा दगड, चार बोटं जाड, कडेला हळदीचा जुना डाग. तो चाकापुढे टेकवला. गाडी दोनदा घसरली, तिसऱ्यांदा पाट्यावर चढली. जॅक आत गेला. पाऊण तासात स्टेपनी लागली.

पाटा गाडीत ठेवताना आई ओट्यावरून बघत होती.

"महेश्वरला नेतोयस?"

"हो."

"मग वरवंटाही घे. नुसता पाटा काय कामाचा?"