चारशे मीटरची टेकडी नाही, मग 34 दातांची कॅसेट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

झेर्सच्या रस्त्यांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नैर्ऋत्य फ्रान्समधल्या या जिल्ह्यात चारशे मीटरच्या वर टेकडी नाही, ॲपवर चढ सरासरी तीन टक्के दिसतात, आणि सिंहगड 11-28 वर चढणाऱ्याला 34 दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच; 11-28 म्हणजे सर्वांत लहान चकती 11 दातांची, सर्वांत मोठी 28 ची) सुचवणं म्हणजे उगाच घाबरवणं, वर तिच्या चकत्यांच्या दातांमध्ये अंतरं मोठी. शिवाय जिल्ह्याचं मुख्य गाव ओश, तिथून तुलूझ शहराला सरळ हमरस्ता असताना वळसे कशाला, आणि पाच-पाच किलोमीटरवर गावं असताना पाणी-खाणं लादून न्यायचं कशाला?

उंचीचा आकडा बरोबर आहे. पण या भागात उंची बघून काही कळत नाही, नद्या मोजाव्या लागतात. दक्षिणेला लानमेझाँचं पठार आहे, साधारण सहाशे मीटर उंचीचं. तिथून बाईझ, झेर्स (जिल्ह्याच्याच नावाची नदी), आरात्स, झिमोन, साव अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत जातात, आणि दर दोन नद्यांमध्ये एक लांबट डोंगरधार उभी असते. उत्तर-दक्षिण जाणारा दरीतून नाहीतर धारेवरून निवांत जातो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला मात्र एकूण एक धार ओलांडावी लागते. मिरांदहून मासोब, सिमोर करत लोंबेझला जा: अंतर पन्नासेक किलोमीटर, वाटेत धाकटी बाईझ, सूसों, झेर्स, आरात्स, झिमोन आणि शेवटी साव. म्हणजे सहा धारा, प्रत्येकीला साधारण 80 ते 120 मीटर चढ. मधल्या ओढ्यांचे छोटे चढ वेगळेच.

आता ॲपचे तीन टक्के. ॲप नदीकाठचा सपाट तुकडा आणि धारेवरचा सपाट तुकडा दोन्ही त्यात धरतं. तीन किलोमीटरमध्ये 90 मीटर चढ म्हणजे सरासरी तीन टक्के, हे खरं. पण त्यातले 70 मीटर जर मधल्या 850 मीटरमध्येच असतील, तर पायांना आठ टक्क्यांहून जास्तच लागतात. हे रस्ते जुने आहेत, घाटासारखी वळणं घेत नाहीत, नाकासमोर वर जातात. त्यामुळे सरासरीऐवजी उंचीच्या आलेखातला सर्वांत तीव्र किलोमीटर बघा.

आणखी एक गोष्ट नकाशावर पटकन दिसत नाही. या दऱ्यांच्या दोन बाजू सारख्या नाहीत. नदीचा उजवा काठ, म्हणजे पश्चिमेकडे तोंड केलेला उतार, आखूड आणि तीव्र असतो. डावा काठ लांब आणि सौम्य. असं का, यावर भूगोलवाल्यांचं अजून एकमत नाही, पण सायकलवाल्याला परिणाम पक्का ठाऊक असावा. पूर्वेकडे जाताना पूल ओलांडला की लगेच भिंत समोर येते आणि पलीकडे लांब सौम्य उतार मिळतो. पश्चिमेकडे जाताना उलट: लांब सौम्य चढ, मग आखूड तीव्र उतार आणि खाली अरुंद पूल. कॅसेट बदलायचीच नसेल तर दिशा बदला, लोंबेझहून मिरांदला जा. पश्चिमेचा वारा बहुतेक वेळा तोंडावर येईल, ही त्याची किंमत. आग्नेयेचा ओतां वारा सुटलेला असेल त्या दिवशी मात्र ही दिशा दुहेरी फायद्याची.

सिंहगडाचा मुद्दा. तो चढ सलग आठ-नऊ किलोमीटरचा. एकदा लय सापडली की तीच धरून वर जायचं. इथे पाच-सात मिनिटं जोर, मग उतार, मग पुन्हा जोर, असं दिवसभर. पहिले दोन चढ उभं राहून मारणारे गडी पाचव्या चढावर सायकल हातात धरून चालताना दिसतात. हिशेब करून बघा: माणूस आणि सायकल मिळून 85 किलो, चढ आठ टक्के, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 60. पुढे 34 आणि मागे 28 दात असतील तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर आणि ताकद सुमारे 190 वॅट. मागे 34 असेल तर त्याच कॅडन्सला साडेसात किलोमीटर आणि 155 वॅट. एका चढात हा फरक किरकोळ वाटेल. सहाव्या चढात तो किरकोळ राहत नाही.

दातांमधल्या अंतराची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. 11-34 मध्ये 12 आणि 14 दातांच्या चकत्या नसतात, वाऱ्यात सपाटीवर ते आठवतात. मधला मार्ग 11-30. तुमच्या शिमानो 105 आर7000 संचातल्या आखूड केजच्या मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग; केज म्हणजे त्याची खालची दांडी) मर्यादाही 30 दातांचीच आहे, त्यामुळे डिरेलर बदलावा लागणार नाही. 34 बसवायची तर लांब केजचा जीएस डिरेलर हवा आणि चेन नव्याने मापून घ्यायला हवी. पुढे मोठी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे मोठी चकती अशा जोडीवर जुनी चेन ताणली गेली तर डिरेलर किंवा तो ज्यावर लटकतो तो हँगर मोडतो. आणि शिमानोची 11 स्पीडची एचजी700 किंवा एचजी800 कॅसेट रोडच्या 11 स्पीड फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो) बसवताना मागे 1.85 मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, लागतो. तो विसरला की कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हलते, आणि मग लोक गिअर ट्यून करत बसतात.

या चढांवर चेन पडण्याचं कारण बहुधा एकच: पुढच्या 50 दातांच्या चेनरिंगवरून 34 वर उतरायला उशीर. पूल लागला की सपाटीवरच पुढची चेनरिंग बदला, त्याच वेळी मागे दोन चकत्या लहान घ्या, म्हणजे पाय हवेत फिरत नाहीत. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदलायला गेलात की चेन आतल्या बाजूला बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसाच्या जागी) पडते. चेन अडवणारा छोटासा चेन कॅचर लावा, स्वस्त असतो.

आता हमरस्ता. ओश-तुलूझ एन124 चा बराचसा भाग दुभाजकाचा एक्सप्रेस रस्ता आहे आणि तिथे सायकलला बंदी आहे. उरलेल्या भागात ट्रक खेटून जातात. कायद्याने गावाबाहेर ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असतं, ते पाळलं जातं असं धरून चालू नका. ओश-आजाँचा एन21 ही तसाच. म्हणून वळसे. मिशलँच्या कागदी नकाशावर पांढऱ्या रंगातले डी-रस्ते (जिल्हा रस्ते) निवडा, लाल सोडा, पिवळे फक्त जोडायला घ्या.

पांढऱ्या रस्त्यांचे त्रासही आहेत. डांबर शिंपडून वर खडी पसरण्याची पद्धत असल्याने पृष्ठभाग खरबरीत. उन्हाळ्यात नवी खडी टाकली की ‘ग्राव्हियों’ (खडी) अशी पाटी लागते. ती दिसली की वेग कमी करा, वळणावर ब्रेक लावू नका. ऑगस्टच्या दुपारी डांबर पाझरतं, टायरला चिकटतं आणि त्यावर खडे बसतात. 25 पेक्षा 28 मिमीचा टायर बरा, आणि 75 किलोच्या माणसाला मागे 5 बार (73 पीएसआय), पुढे 4.6 पुरे. शंभर पीएसआय भरून या खडीवर वेग वाढत नाही, हात बधिर होतात. पाऊस झाला तर तीव्र उतारांवरची चिकणमाती ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर येते, आणि ती नेमकी उताराच्या तळाशी, पुलाच्या तोंडाशी साचते. गावात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही किरकोळ असो.

खाण्याबद्दल: गावं आहेत, दुकानं नाहीत. कित्येक गावांत चर्च, पंचायतीची कचेरी आणि दफनभूमी एवढंच. जिथे दुकान आहे तिथे साडेबारा ते दोन-अडीच बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरंचसं बंद. 15 ऑगस्ट तिथेही सुट्टीचा दिवस आहे, हे आपल्याकडच्यांना मजेशीर वाटेल, पण उपाशी राहाल. हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दीड, पावणेदोनला गेलात तर कॉफी मिळेल. शाकाहारी असाल तर आणखी जपून: हा बदकाचा मुलूख आहे, ‘सॅलड गास्कोन’ मागवलं तर त्यात बदकाची गिझर्ड (जठरं) असतात आणि बटाटेही अनेकदा बदकाच्या चरबीत परतलेले. सकाळी बेकरीतून पाव आणि सफरचंदाचं सारण भरलेले शोसों घेऊन खिशात टाका. 35 अंशांत तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. बाटल्या भरायची हमखास जागा म्हणजे दफनभूमीच्या फाटकाजवळचा नळ. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल तर ते पाणी डोक्यावर ओता, पिऊ नका.

तुम्ही ऑगस्टचं तिकीट काढलंय आणि कॅसेट बदलणार नाही म्हणता, तर पहिल्या दिवशी धारा ओलांडूच नका. तुलूझहून टेर (प्रादेशिक) गाडीने लानमेझाँला जा आणि तिथून कास्तेल्नो-मान्योआक, मासोब, सेसाँ असं झेर्स नदीला धरून ओशला उतरा. साठ-सत्तर किलोमीटर, एकूण उतारच. डी929 वर ट्रक असतात, म्हणून शेजारच्या धारेवरचे छोटे रस्ते जमतील तेवढे घ्या. थोडे चढ वाढतील, पण हवा स्वच्छ असेल तर पाठीमागे पिरेनीज दिसतात. वाटेत या नद्यांना भर उन्हाळ्यातही पाणी कसं, असा प्रश्न पडेल. पिरेनीजमधून येणाऱ्या नेस्त नदीचं पाणी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कालव्याने पठारावर आणून त्यांच्यात सोडतात. ओशचं कॅथीड्रल टेकडीवर आहे, पण स्टेशन खाली नदीच्या बाजूला, तेव्हा शेवटचा चढ ऐच्छिक. तुलूझला परतायची गाडी तिथूनच. सायकलसाठी हुक मोजके असतात, म्हणून संध्याकाळची शेवटची गाडी धरू नका. आणि रुळांचं काम असलं की गाडीऐवजी बस सोडतात, बसमध्ये सायकल बहुधा घेत नाहीत. आदल्या रात्री वेळापत्रक बघून घ्या.