‘नॉमिनी करा की, लग्न कशाला?’

आधी नात्यातल्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग आमच्या विमा एजंटांच्या ग्रुपवर समलिंगी जोडप्यांच्या लग्नाबद्दलचा एकच मजकूर फिरत आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: “377 (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) गेलं. दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र राहिल्या तर आता कुणी अडवत नाही. बँकेत नॉमिनी करा, मृत्युपत्र करा, झालं. लग्नाचा हट्ट हे शहरातल्या श्रीमंतांचं खूळ, तेही परदेशातून आलेलं. लग्न मुलांसाठी असतं. आणि सर्वोच्च न्यायालयानेच नाही म्हटलंय, म्हणजे विषय संपला.”

मी 22 वर्षं विम्याचं काम करते. बाकीचं वाचून कदाचित पुढे गेले असते, पण ‘नॉमिनी करा, झालं’ यावर गप्प बसवेना. तो रकाना मी रोज भरते.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. विम्याच्या पैशांबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये तेच पुन्हा सांगितलं. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारस असतात. विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली आणि आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते असं ठरलं. सवलत तेवढ्यांनाच. ज्याच्याबरोबर 20 वर्षं संसार केला तो जोडीदार त्या यादीत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो कुणीच नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या दोघी माझ्याकडे आल्या. एक खासगी दवाखान्यात नर्स, दुसरी घरी शिवणकाम करणारी. 14 वर्षं एका चुलीवर जेवलेल्या. नर्सने फॉर्म भरायला घेतला. नॉमिनीचं नाव, जन्मतारीख भराभरा लिहिली आणि ‘नाते’ या रकान्यापाशी पेन थांबलं. “ताई, इथे काय लिहू?” मग हळूच म्हणाली, “मावसबहीण लिहू का?” मी नको म्हटलं. खोटं नातं लिहिलं की दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं. तिने ‘मैत्रीण’ लिहिलं. आठ दिवसांनी कंपनीकडून फॉर्म परत आला: मैत्रिणीला नॉमिनी करण्याचं कारण लेखी द्या. ते कारण लिहिताना शेजारी बसलेल्या दुसरीने तिच्या हातावर हात ठेवला होता. मला वर बघवलं नाही. नर्सचे आई-वडील गेलेले. नऊ वर्षं बहिणीचं तोंड न बघितलेला भाऊ आहे, आणि उद्या काही झालं तर कायदेशीर वारस म्हणून दारात तोच उभा राहू शकतो.

मृत्युपत्र जरूर करावं. मी त्या दोघींनाही तेच सांगितलं. स्वतः कमावलेलं घर, ठेवी, दागिने त्याने देता येतात. पण कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही. पीएफमध्ये, अवलंबून असलेले आई-वडील हयात असतील तर त्यांना डावलून जोडीदाराचं नाव लावता येत नाही. किडनी द्यायची झाली तर 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको ‘जवळचे नातेवाईक’ आहेत. या दोघींना परवानगीसाठी प्राधिकार समितीपुढे जाऊन आपलं प्रेम सिद्ध करावं लागेल. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोच्या नावे राहतं घर बक्षीसपत्राने केलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. जोडीदार कायद्याने परका असेल तर बाजारभावाच्या टक्केवारीत मोजा. वर, परक्याकडून वर्षात 50,000 रुपयांहून जास्त भेट घेतली तर घेणाऱ्याला आयकर आहेच.

हे सगळं लग्नाच्या एका दाखल्याने मिळतं. म्हणूनच ‘श्रीमंतांचं खूळ’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचं म्हटलं होतं. श्रीमंत माणूस वकील लावतो, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, ट्रस्ट असे दहा कागद करून घेतो आणि निभावून नेतो. ज्याला वकील परवडत नाही त्यालाच त्या एका दाखल्याची गरज आहे. आणि ही माणसं फक्त शहरातली श्रीमंत असतात हेही खरं नाही. 1987 मध्ये भोपाळमध्ये एकमेकींना माळ घातलेल्या दोघी पोलीस शिपाई होत्या. त्यांची नोकरी गेली. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी 2023 च्या निकालपत्रात शेतात राबणाऱ्या बाईचा मुद्दाम उल्लेख केला, तो याच आरोपाला उत्तर म्हणून.

‘परदेशातून आलेलं’ म्हणणाऱ्यांनी शेजारी बघावं. नेपाळमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये लमजुंग जिल्ह्यातल्या गावपालिकेत अशा लग्नाची नोंद झाली. तैवानमध्ये 2019 पासून, थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून कायदा आहे. आणि लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या वडिलांच्या गावाला, मालवण तालुक्यातल्या वराडला, केवढा आनंद झाला होता! आपण समलिंगी आहोत हे त्यांनी 2015 मध्येच जाहीर सांगितलं होतं. 2019 च्या डिसेंबरमध्ये ते गावी आले तेव्हा गावाने त्यांना आपलाच मुलगा मानलं. कोकणातल्या त्या गावाला जे जमलं ते आपल्याला का जमू नये?

मुलांचं म्हणाल तर साठीनंतर लग्न करणाऱ्या जोडप्यांना निबंधक मुलांबद्दल विचारत नाही. उलट आज अडचण मुलांचीच होते. अविवाहित व्यक्ती एकटीने मूल दत्तक घेऊ शकते, पण जोडपं म्हणून घ्यायचं तर 2022 च्या नियमांनुसार दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं. म्हणजे अशा घरात दोघींनी वाढवलेल्या मुलाची कायद्याने आई एकच. ती गेली तर त्या मुलाला सांभाळण्याचा हक्क दुसरीने कोर्टात मागायचा.

आता ‘विषय संपला’. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा (धर्म न बघता नोंदणी लग्न करता येतं तो) बदलणं न्यायालयाचं काम नाही. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. हे सगळं खरं आहे. पण तेच काम संसदेचं आहे, असंही निकाल सांगतो, आणि पीएफ, निवृत्तिवेतन यांसारख्या लाभांपासून ही जोडपी वंचित राहतात हे बहुमताच्या निकालातही मान्य केलेलं आहे. त्यानंतर सरकारने नेमलेल्या समितीमुळे 2024 मध्ये संयुक्त बँक खातं, शिधापत्रिका, मृतदेह ताब्यात घेणं याबाबत पत्रं निघाली. मला त्याचं समाधान आहे. पण ती पत्रं आहेत, कायदा नव्हे.

सुनावणीत सरकारची बाजू मांडणाऱ्या सॉलिसिटर जनरलांनी, अशा लग्नाला मान्यता दिली तर कायद्यांतल्या सुमारे 160 तरतुदींवर परिणाम होईल असं सांगितलं होतं. ग्रुपवर हा आकडा विरोधात वापरतात. मला तो वाचून नर्सचा थांबलेला हात आठवला. 160 ठिकाणी तिला तो रकाना भरता येत नाही.

संसदेत हा प्रश्न पहिल्यांदा नेणाऱ्यांत आपल्याच बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे होत्या. विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं त्यांचं खासगी विधेयक 1 एप्रिल 2022 ला मांडलं गेलं. ती लोकसभा विसर्जित झाली तसं तेही व्यपगत झालं. केंद्राने राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध कळवला, आणि महाराष्ट्राने जास्त वेळ मागितला. ही गोष्ट 2023 ची. राज्याचं मत काय ठरलं, हे मी आमच्या आमदारांना लेखी विचारलंय. तुम्हीही तुमच्या आमदारांना विचारा.