चौथी नळी असते, आणि ती शोधावीच लागते

आत्तीनं राजारामपुरीतल्या दवाखान्यात चाललेलं रूट कॅनल अर्ध्यावर सोडलं. कारण भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: 'वरच्या दाढेला मुळं तीन, म्हणून नळ्याही तीनच. डॉक्टर चौथी सांगायला लागला की लुटतोय, उठून या. दुखायचं थांबलं की पुढच्या फेऱ्या बोगस. रूट कॅनलनं कॅन्सर होतो. त्यापेक्षा रिंगणीच्या बियांची धुरी घ्या, किडे पडतात.' आता तिच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट आहे आणि आत एक नळी साफ न करता राहिलीय.

मुळं तीन म्हणून नळ्या तीन, हा हिशेबच चुकीचा. नळी म्हणजे मुळाच्या आतली, नस असते ती पोकळी. एका मुळात दोन नळ्याही असू शकतात, कधी त्या मध्येच एकत्र येतात, कधी एकीच्या दोन होतात. फ्रँक व्हर्टुची या अमेरिकी दंततज्ज्ञानं २४०० दात पारदर्शक करून, नळ्यांत रंग भरून तपासले आणि १९८४ साली ते छापलं. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त वेळा एकापेक्षा जास्त नळ्या सापडल्या. मग चौथी नळी शोधणारा डॉक्टर लुटारू कसा? न शोधणाऱ्याची काळजी करा!

"मग फोटोत का दिसंना?" आत्ती विचारते. साधा एक्स-रे सपाट असतो. ही चौथी नळी त्याच मुळातल्या पहिल्या नळीच्या मागे, टाळूच्या बाजूला असते, त्यामुळं दोन्ही एकावर एक येतात. कोन बदलून फोटो काढावा लागतो, कधी थ्रीडी स्कॅन. तिच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं होतं: दाढेच्या तळाशी केसासारखी काळसर रेघ आणि तिच्यावर सुईचं टोक अडकतंय. अशा ठिकाणी टोकाला ०.१० मिलिमीटर जाडीची फाइल, म्हणजे नळी साफ करायची बारीक सुई, घालतात. त्याला वेळ लागतो, म्हणून फेऱ्या वाढतात. खालच्या दुसऱ्या दाढेत तर नळ्या जोडून इंग्रजी सी अक्षरासारखी फट झालेलीही असते.

दुखायचं थांबतं कारण नस काढलेली असते. राहिलेल्या नळीतले जंतू मात्र तिथंच असतात आणि पुढं मुळाच्या टोकाशी पू धरतो. रूट कॅनल 'फेल' जातं म्हणतात, त्यामागचं हे एक मोठं कारण.

कॅन्सरचं म्हणणं शंभर वर्षांपूर्वीच्या, कधीच मोडीत निघालेल्या मांडणीतून आलंय. त्याला पुरावा नाही. धुरीतले 'किडे' बियांतूनच निघतात. दात किडतो तो जंतूंमुळं, आणि धूर मुळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. तोंड भाजतं ते वेगळंच.

एक मान्य करते. पैसे का वाढले हे काही डॉक्टर धड सांगत नाहीत, आणि प्रत्येक दाढेला चौथी नळी असतेच असंही नाही. तेव्हा बेधडक विचारा, "डॉक्टर, कुठं आहे ती दाखवा."

पण उठून येऊ नका. ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं, नंतर झिजतं, लाळ आत शिरते. त्याच डॉक्टरांवर विश्वास नसेल तर एक्स-रे मागून घ्या आणि याच आठवड्यात दुसऱ्यांकडे जा.